‘विकत घ्या’ म्हणता, तर पुस्तक आमचं होऊ द्या

मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री यांस,
स.न.वि.वि.

माझे वडील निवृत्त शिक्षक. काचबिंदूमुळे छापील अक्षर दिसेनासं झालं, तेव्हा मी त्यांच्या टॅबवर एका ई-बुक दुकानाचं ॲप टाकून दिलं. अक्षर बोटानं मोठं करायचं आणि वाचत बसायचं. पेन्शनीतून एकेक करत त्यांनी 37 मराठी पुस्तकं घेतली. मग ते दुकान बंद झालं. एका सकाळी ॲप उघडलं, तर नुसतं चक्र फिरत राहिलं. फाइली टॅबमध्येच होत्या, पण कुलूपबंद. त्या उघडायची परवानगी ज्या सर्व्हरवरून यायची, तोच उरला नव्हता. मी एका प्रकाशकांना फोन केला. भला माणूस. म्हणाले, “तुम्ही घेतलंत याची नोंदसुद्धा आमच्याकडे नाही हो, सगळा हिशोब दुकानाकडे.”

त्याच आठवड्यात त्यांतलंच एक पुस्तक व्हॉट्सॲपवर फुकट आलं. छापील प्रतीचे फोटो काढून केलेली पीडीएफ. एका पानाच्या कोपऱ्यात पान दाबून धरणाऱ्याचा अंगठा दिसतो. ई-बुकचं कुलूप कुणी तोडलंच नव्हतं, तशी गरजच पडली नव्हती. हजार प्रतींची आवृत्ती खपवताना मराठी प्रकाशकाची किती दमछाक होते हे मला माहीत आहे, आणि चोरट्या प्रतींचा त्याला बसणारा फटका खराच आहे. पण हे कुलूप त्या अंगठेवाल्याला अडवत नाही. अडले ते बाबा. फोटोंच्या त्या पीडीएफमधली धुरकट अक्षरंही त्यांना वाचता येत नाहीत.

विज्ञानकथा छापणाऱ्या टॉर या प्रकाशनसंस्थेनं 2012 मध्ये आपल्या ई-पुस्तकांचं कुलूप काढून टाकलं. वर्षभरानं त्यांनीच सांगितलं, की चोरट्या प्रतींत लक्षात येण्याजोगी वाढ झालेली नाही. गाण्यांच्या बाबतीत ॲपलनं 2009 मध्येच हे केलं होतं.

आपल्याकडे 2012 च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात 65-अ हे कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूनं कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कुलूप लावणाऱ्यावर मात्र किल्ली देण्याचं कसलंच बंधन नाही. त्याच कायद्यानं अपंग वाचकांसाठी सोयीच्या स्वरूपात प्रत करण्याची मुभा दिली आहे, पण फाइलच उघडत नसेल तर ती मुभा वापरायची कशी? कॉपीराइट वाणिज्य मंत्रालयाकडे येतो हे मी जाणते. विक्रीच्या वेळी ग्राहकाला काय सांगितलं जातं, हा विषय मात्र आपल्याच खात्याचा आहे.

कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून, केवळ वापराचा परवाना देऊन ‘विकत घ्या’ म्हणणाऱ्या डिजिटल विक्रेत्याला ही गोष्ट पैसे घेण्याआधी स्पष्ट सांगावी लागते. आपल्याकडेही तसा नियम करा. आणि दुकान बंद करणाऱ्याला ग्राहकाला कुलूप नसलेली प्रत द्यायला लावा, नाहीतर पैसे परत करायला लावा. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकान मोडलं, तेव्हा ग्राहकांचे पैसे परत केले होते. बाबांना एक रुपयाही मिळालेला नाही.

त्यांनी घेतलेल्या पुस्तकांची नावं, किमती आणि तारखा जाड स्केचपेननं एका वहीत लिहून ठेवल्या आहेत. त्या पानांच्या प्रती सोबत जोडते आहे.

आपली,
एक ग्राहक