वाड्याच्या भिंतीला सिमेंट नको

अथेन्स

ती. बाबांस सा. न.

पडवीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचं ठरतंय, असं आई फोनवर म्हणाली. गवंड्याला जरा थांबवा. इथे प्लाका भागात एकोणिसाव्या शतकातल्या निओक्लासिकल, म्हणजे प्राचीन ग्रीक धर्तीच्या घराचं छोटं हॉटेल करताना सुरुवातच मुळी जुनं सिमेंट खरवडण्यापासून झाली.

भिंत आपल्यासारखीच, दगड-चुन्याची, 60 सेंटिमीटर जाड. पायातून चढलेली ओल चुन्यातून उडून जाते. सिमेंट तिची वाट अडवतं, मग ओल आणखी वर चढते आणि क्षार आतल्या आत साचून दगडांमधले सांधे भुसभुशीत करतात. लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणारा हा क्षार, झाकला जातो, जात नाही. सिमेंट काढल्यावर भिंत काही महिने नुसती वाळू द्यायची. मग मुरवलेला चुना 1 आणि वाळू 3. वाळूतला थोडा भाग सँटोरिनी बेटावरची ज्वालामुखीची माती. आपल्याकडे तेच काम सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, करते. पहिला थर 12 ते 15 मिलिमीटर, दुसरा 8 ते 10, वरचा 2-3. एकदम जाड थापला की तडकतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा ओलं गोणपाट टांगावंच लागतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला ओलावा हवा. लवकर सुकला तर बोट फिरवताच पिठासारखा हाताला येतो. वरून प्लॅस्टिक इमल्शन मारलं तर सगळी मेहनत पाण्यात. चुन्याची सफेदीच हवी.

संगमरवरी छज्ज्याचं दुखणं वेगळं. कठड्याच्या लोखंडी खुंट्या गंजून फुगतात आणि दगड फोडतात. इथल्या अ‍ॅक्रॉपोलिस टेकडीवरच्या प्राचीन देवळांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घातलेल्या लोखंडी पट्ट्यांनी हेच केलं. आता तिथे टायटॅनियम वापरतात.

छपराच्या कडेला भाजक्या मातीची नक्षीदार पानं असतात, आक्रोकेरामा. जुन्या पानावरून थेट साचा काढला की फसगत ठरलेली: वाळताना आणि भाजताना माती मिळून दहा टक्क्यांच्या आसपास आकसते, 20 सेंटिमीटरचं पान 18 चं होतं आणि ओळीत खुजं दिसतं. म्हणून नमुनाच 22 चा घडवायचा, तोही आधी मातीचा तुकडा भाजून, मोजून.

हॉटेल म्हटलं की खोलीगणिक न्हाणीघर आलं. ती एकावर एक, नळ एकाच उभ्या खाचेत, आणि प्रत्येकाला स्वतःचं बुटकं छत, म्हणजे वाफ वरच्या रंगवलेल्या छताला लागत नाही. फरशीआधी 24 तास पाणी भरून ठेवायचं, कुठे झिरपतंय का ते बघायला.

माडीच्या तुळया भिंतीत शिरतात तिथे दाभण टोचून बघा. सहज आत गेलं तर टोक कुजलंय. फोटो पाठवा, पण तुळई बदलू देऊ नका. कुजकं तेवढं कापून नवं लाकूड सांधता येतं.

आईला नमस्कार.

तुमची,
मनू