होकार तुमचाच लागणार आहे

नागपूर
५ ऑगस्ट २०२५

ती. आई आणि बाबांना सा. न.

बाबा, संत्र्यांच्या आंबिया बहराची फळगळ थांबली का? इकडे पावसानं उघडीप दिली आहे आणि नुसता उकाडा. आई, मी फोनवर अवयवदानाचा विषय काढला की तू "अभद्र नको बोलू बाप्पा" म्हणतेस आणि गाडी थेट संत्र्यांवर नेतेस. म्हणून लिहूनच पाठवते. बाबांनी मोठ्यानं वाचावं, आणि तू मधेच स्वयंपाकघरात जाऊ नकोस.

परवा आम्ही माझ्या मैत्रिणीच्या, अवयवदान करून गेलेल्या चष्मिषच्या आठवणीत पायी फेरी काढली. (बाबांनी ठेवलेलं नाव, आता सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं आहे.) ३ ऑगस्ट मुद्दाम धरला. १९९४ साली याच तारखेला दिल्लीच्या एम्समध्ये मेंदू-मृत माणसाचं हृदय दुसऱ्याला बसवण्याची देशातली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली, म्हणून हा अवयवदान दिवस. त्यात ऑगस्टचा पहिला रविवार, म्हणजे फ्रेंडशिप डे. फुटाळा तलावावर कॉलेजची पोरं एकमेकांना बँड बांधत होती आणि शेजारी आम्ही तिचा फोटो छापलेले टी-शर्ट घालून उभे. तिला हा योग जाम आवडला असता.

अमरावती रोडनं लॉ कॉलेज चौक, मग धरमपेठेतून शंकरनगर. शेवटी तर्री-पोहे; त्याशिवाय नागपुरात एवढ्या सकाळी कोण चालेल? जमलेली वर्गणी किडनी बदललेल्या गरीब पेशंटच्या औषधांसाठी आहे. शरीरानं परकी किडनी नाकारू नये म्हणून ती औषधं जन्मभर घ्यावी लागतात, आणि खर्च काही थांबत नाही.

असेच एक काका फेरीत होते. त्या औषधांनी प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून तोंडाला मास्क. चष्मिषची आई त्यांच्या बाजूनं चालत होती. किडनी कोणाची, हे विचारायची सोय नसते. देणाऱ्याचं नाव घेणाऱ्याला आणि घेणाऱ्याचं देणाऱ्याच्या घरी कळवतच नाहीत. काकूंनी विचारलं ते एवढंच, "भाऊ, पाणी पोटभर पिता येते का आता?" डायलिसिसवर असताना काकांना पाणी मोजून मिळायचं. काकांनी पिशवीतून बाटली काढली, मास्क खाली ओढला आणि तिथेच अर्धी बाटली संपवली. काकूंनी बाटली हातातून घेतली, झाकण घट्ट लावून परत दिली, आणि मग दोघं पुढे पावसापाण्याचं बोलत राहिले.

आई, चष्मिष गेली तेव्हा तू विचारलं होतंस, "छाती हलत होती म्हणे तिची, मग गेली कशी म्हणायची?" छाती व्हेंटिलेटर हलवत होता. अंग गरम होतं, नाडी चालू होती, पण मेंदूचा श्वास चालवणारा भागच मेला होता; मेंदू-मृत म्हणतात ते हेच. चार डॉक्टरांचं पॅनेल हे तपासतं, तेही निदान सहा तासांच्या अंतरानं दोनदा. थोडा वेळ मशीन काढून बघतात, आपसूक श्वास येतो का. नंतर अवयव बसवणाऱ्या टीममधलं कोणी त्या पॅनेलवर चालत नाही. म्हणजे घाईघाईत कोणाला मेलेलं ठरवतात, ही कॉलनीतली चर्चा सोडून दे. दोन किडन्या, यकृत आणि डोळे गेले. एवढा जाड भिंगाचा चष्मा होता, तरी डोळे चालले. नंबर कितीही असो, बसवतात तो बुबुळावरचा पारदर्शक पडदा.

आता माझं. मी आधार जोडून अवयवदानाचा ऑनलाईन संकल्प भरला आहे. पण तो भरलेला असला तरी ऐन वेळी दवाखान्यात घरच्यांची संमती घेतातच, आणि माझं लग्न झालेलं नाही, तेव्हा तुम्हालाच विचारतील. (आई, इथून स्थळांवर जाऊ नकोस.) काकू म्हणतात, पोरीनं आधी सांगून ठेवलं नसतं तर मी सरळ नाही म्हटलं असतं, त्या घडीला कोणाचं डोकं चालतं? मला तुम्हाला तसं अडकवून ठेवायचं नाही. शरीर टाके घालून परत देतात, विधी सगळे होतात. तिचे झाले, तुम्ही दोघं घाटावर होतातच. पुढच्या जन्मी आंधळी होईन, असं आत्या म्हणेल. तिला म्हणावं, या जन्मीचं आधी बघू.

आणि बाबा, तुम्ही मागे हसण्यावारी नेलंत ते खरंच विचारते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, शुगर-बीपी असलं, वय कितीही असलं, तरी बहुतेक डोळे देता येतात. घरीच गेलेल्या माणसाचेही, फक्त सहा तासांच्या आत. पंखा बंद करायचा, पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी घ्यायची आणि नेत्रपेढीला फोन करायचा. एवढं लिहितानाही माझा हात अडखळला, पण लिहिलं.

पोळ्याला येते. तेव्हा दोघांनी मला हो की नाही ते सांगा. नाही असेल तर का, तेही सांगा. मी भांडणार नाही, पण दुसऱ्या दिवशी परत विचारीन. बाबांचे डोळ्यांचे थेंब संपत आले असतील तर शीशीचा फोटो पाठवा, इकडून घेऊन येईन.

तुमची,
ताई