सोलर शेवटी, आधी छप्पर बघा

संपादक साहेब, नमस्कार,

गेल्या रविवारी तुमच्या घरांच्या पुरवणीत वीज वाचवणाऱ्या घराबद्दल आलं होतं. वाचलं, आवडलं पण. फक्त त्यात पहिला नंबर सोलर पॅनलचा, दुसरा मोबाइलवरून बंद होणाऱ्या दिव्यांचा, आणि छपराला शेवटी कुठेतरी अर्धी ओळ. मी याच क्रमाने घर बांधून बसलोय आणि नंतर दुप्पट खर्च करून उलटा प्रवास केलाय, म्हणून हे पत्र.

आमचं घर दहिसर पश्चिमेला कांदरपाड्यात. आजोबांचं कौलारू घर होतं, एका पावसाळ्यात मागची भिंत खचली मग पाडून तळमजला अधिक एक असं बांधलं. जागा इनमीन साडेपाचशे फूट आणि गल्ली अशी की टेम्पो नाक्यावरच उभा राहतो, पुढचा सगळा माल डोक्यावरून. म्हणून विटांऐवजी ते हलके पांढरे एएसी ब्लॉक (आत हवेचे बुडबुडे असलेल्या सिमेंटचे) घेतले. वजनाला विटेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे आणि ऊनही कमी आत सोडतात, दोन्ही फायदे. पण आमच्या मिस्त्रीने ते विटांसारखे पाण्यात भिजवले आणि साध्या वाळू-सिमेंटच्या जाड मसाल्यात लावले. या ब्लॉकला वेगळा तयार मसाला येतो, पातळ थर लावायचा असतो, आणि जिथे भिंत कॉलमला नाहीतर बीमला लागते तिथे प्लास्टरच्या आत जाळी मारायची असते, हे मला दिवाळीत केसासारख्या भेगा दिसल्यावर कळलं, आणि पुढच्या जुलैत त्याच भेगांतून ओल आली. ब्लॉक वाईट नाही हो, पण हा ब्लॉक पाणी पितो, त्यामुळे मुंबईत बाहेरचं प्लास्टर नीट नसेल तर सगळं फुकट.

आता मुख्य गोष्ट, छप्पर. कॉन्ट्रॅक्टरने स्लॅबवर नेहमीसारखा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, केला, वर सिमेंटचा करडा हात मारला आणि पैसे घेऊन गेला. पहिला मे महिना आला तेव्हा वरच्या खोलीत रात्री साडेनऊला थर्मामीटर ३६ दाखवत होता आणि खाली गल्लीत ३०. माळ्यावर चढून छताला हात लावला तर अकरा वाजतासुद्धा कोमट, म्हणजे स्लॅब दिवसभर ऊन खातो आणि रात्री आपल्या अंगावर ओकतो, आणि आपण त्याच्याशी एसी लावून भांडत बसतो. आजोबांच्या कौलात हे कधीच नव्हतं कारण कौल तापतं तसं लगेच निवतं आणि फटींतून गरम हवा वर निघून जाते (पाऊस पण त्याच फटींतून आत यायचा, ते सोडा).

यात एक गोष्ट मला गच्चीवरच्या ड्रमने शिकवली. मुंबईत साधारण १५ मेला भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, ड्रमची सावली गायब होते, आणि परत जुलैच्या शेवटी येतो, मधले दोन-अडीच महिने तर तो चक्क थोडा उत्तरेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर दुपारी ऊन फारसं येतच नाही, सगळा मार छपरावर आणि सकाळ-संध्याकाळ पूर्व-पश्चिमेच्या भिंतींवर. आणि मी शहाण्याने पैसे कुठे घातले? दक्षिणेच्या मोठ्या छज्जावर! हिवाळ्यात तिथे ऊन येतं खरं, पण तेव्हा ते हवंच असतं.

मग दुसऱ्या वर्षी कोब्यावर चायना मोझॅक केलं, आपल्याकडच्या जुन्या इमारतींवर असायचं तेच, पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. टाइल्सच्या दुकानातला फुटका माल स्वस्तात मिळतो, फक्त बसवणारा कारागीर धीराचा लागतो. लोक पांढरा हीट रिफ्लेक्टिव्ह रंग मारतात, तो पण चालतो, पण आपल्याकडे चार महिने पाऊस, ऑक्टोबरात गच्ची हिरवी-काळी आणि मग तो रंग कसला परावर्तन करतोय. टाइल घासली की परत पांढरी होते. खरं तर स्लॅब ओतल्यावर वॉटरप्रूफिंगच्या वर आणि कोब्याच्या खाली दोन इंची फोमची शीट टाकता आली असती, तेव्हा ते दोन दिवसांचं काम होतं, नंतर कोबा फोडायला कोण जाणार. तरी मोझॅकनंतर वरच्या खोलीत रात्रीचं तापमान तीन-चार डिग्री उतरलं आणि आमचं मे महिन्याचं बिल ४१० युनिटवरून २९० वर आलं. ३०० च्या वरचं युनिट महाग असतं त्यामुळे रुपयांत फरक आणखी मोठा दिसला. मी दर एक तारखेला मीटरचं रीडिंग वहीत लिहितो, बायको हसते, हसू दे.

पश्चिमेचा घोळ वेगळाच आहे आणि तो मुंबईचा खास आहे. दुपारनंतरचा खारा वारा तिकडूनच येतो आणि साडेचारचं आडवं ऊन पण तिकडूनच. भिंत बंद केली तर घर गुदमरतं, उघडी ठेवली तर भाजतं. वरून छज्जा कितीही काढा, आडव्या उन्हाला तो अडवत नाही, समोरूनच काहीतरी लागतं. आम्ही आधी आतून जाड पडदे लावले, काही उपयोग नाही, कारण काचेतून ऊन एकदा आत आलं की गरमी आत आलीच, पडदा फक्त अंधार करतो. अडवायचं ते काचेच्या बाहेर. बांबूची चिक बाहेरून लावली, छान चालली, आणि जूनच्या पहिल्या वादळात शेजारच्यांच्या आवारात जाऊन पडली. शेवटी ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातून पाडलेल्या चाळीच्या सागवानी झडपांच्या खिडक्या आणल्या, गिरगावात असायच्या तशा. ऊन बाहेर, वारा आत. शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांना हे कळत होतं आणि आम्ही ॲल्युमिनियमच्या स्लायडिंगसाठी भांडलो.

स्लायडिंगवरून आठवलं, दोन पट्ट्यांची स्लायडिंग खिडकी कितीही सरकवा, अर्धीच उघडते. भोक चार फुटांचं, वारा दोन फुटांचा, वर मच्छरजाळी लावली की तोही अर्धा. दारासारखी पूर्ण उघडणारी खिडकी घ्या. घरात वीज कशी वाचवावी याची केंद्राची २०१८ ची इको निवास संहिता आहे, तिच्यात आपल्यासारख्या दमट हवेच्या भागासाठी उघडणारी जागा कार्पेट एरियाच्या साधारण एक षष्ठांश तरी असावी असं धरलंय. तो नियम मोठ्या प्लॉटसाठी आहे, आमच्यासारख्या चिंचोळ्या घराला लागू नाही, पण अंदाज घ्यायला उत्तम. आणि वारा आत आला तर बाहेर जायला पण वाट पाहिजे, ती आम्ही जिन्यात वर झडप ठेवून दिली, गरम हवा तिथून जाते.

माझा मुलगा सारखे परदेशातले व्हिडिओ दाखवायचा, घर डब्यासारखं हवाबंद, भिंतीत फूटभर कापूस, तीन काचांच्या खिडक्या. अरे बाबा, त्यांना आतली ऊब धरून ठेवायचीय. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ३३-३४ असतं, नागपूरसारखं ४५ नाही, त्रास आहे तो घामाचा. तो सुकायला वारा लागतो. वाळ्याचे पडदे, कूलर वगैरे इथे निरुपयोगी, आधीच हवेत एवढं पाणी आहे. हां, एसीची खोली मात्र खरंच बंद पाहिजे, म्हणून आम्ही एकच खोली तशी केली, दाराखालच्या फटीला रबर, खिडकीला घट्ट पट्टी, एसी एक टनाचा. दुकानदार दीड टन गळ्यात मारत होता. २६ वर एसी आणि पंखा मंद, झोप लागते. त्या खोलीतलं कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, पावसाळ्यात मागे बुरशी धरते, आमच्या सगळ्या भारी साड्यांना वास आला होता आणि ते ऐकून घ्यावं लागलं मलाच.

पंखे बदला, यात काही डोकं लागत नाही. साधा पंखा ७५ वॉट, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी ३० च्या आसपास, पाच पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला ८० युनिट वाचतात. आईची तक्रार एवढीच की रिमोट सापडत नाही.

आता सोलर. तीन किलोवॅट बसवलं, पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे, ती मिळाली. चांगल्या उन्हात रोज बारा युनिट देतं, जुलैच्या काळ्या दिवसात तीन-चार. पण तीन गोष्टी कोणी सांगितल्या नव्हत्या. एक, प्लंबरने पाण्याची टाकी गच्चीच्या दक्षिणेला ठेवली आणि डिसेंबरात सूर्य दक्षिणेला खाली असतो तेव्हा टाकीची पाच-साडेपाच फुटांची सावली भर दुपारी पॅनलवर. एका पॅनलवर सावली पडली की त्या माळेतले बाकीचे पण ढेपाळतात. टाकी उत्तरेला हवी होती, तेव्हा दोन पाइप वाकवायचं काम होतं, आता स्टँडसकट हलवायची. दोन, लाइट गेली की हे साधं सोलर पण बंद होतं, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपली वीज लागेल. आम्ही पहिल्या रात्री नाही तर पहिल्या दुपारी, लख्ख उन्हात, अंधारात बसलो होतो. तीन, पश्चिमेला जुनी बैठी चाळ होती तिथे आता सात मजली उभी राहिलीय, तीननंतर आमचं ऊन संपलं. कोणाला काय बोलणार, त्यांनाही घरं हवीत. खाडीचा खारट वारा आहे म्हणून नट-बोल्ट तेवढे स्टेनलेसचे लावून घेतले, ते एक बरं केलं. आणि पॅनल सात फूट उंचावर घेतल्याने खालच्या स्लॅबवर कायमची सावली झाली, तो फायदा मात्र त्या सात मजलीला हिरावता येत नाही.

म्हणून म्हणतो, पॅनल, पंखे, एसी हे उद्याही बदलता येतात. स्लॅबच्या वरचा थर, खिडकीचं भोक आणि टाकीची जागा एकदाच ठरते, आणि ती ठरवणारा माणूस बहुतेक वेळा प्लंबर नाहीतर स्लॅबचा साचा बांधणारा सेंट्रिंगवाला असतो. पुरवणीत एखादा रविवार त्यांच्यासाठी काढा की, सोप्या मराठीत आणि हिंदीत पण, आकृत्यांसकट.

आमच्या मागच्या गल्लीत शनिवारी एकाचा स्लॅब ओततायत. काल संध्याकाळी जाऊन आलो, टाकी उत्तरेला घे म्हटलं. मिस्त्री म्हणाला, काका, मोटारचा पाइप इकडून येतो. शनिवारी सकाळी परत जाणार आहे.

आपला,
एक वाचक, कांदरपाडा, दहिसर (पश्चिम)