विषय : ॲथलेटिक्सच्या नावाने घेतलेलं क्रीडा शुल्क आणि ट्रॅकवरचे पेव्हर ब्लॉक

प्रति,
मुख्याध्यापक व संस्थाचालक,

तुमच्या क्रीडा समन्वयकांचा फोन आत्ताच ठेवला. यापुढे जे काही बोलायचं ते लेखी.

मुलगी चौथीत आहे. तुमची शाळा निवडली ती माहितीपत्रकातल्या एका पानावरून : २०० मीटरचा मातीचा ट्रॅक, लांब उडीचा खड्डा, पूर्णवेळ प्रशिक्षक. दिवाळीच्या सुट्टीत त्या ट्रॅकवर पेव्हर ब्लॉक बसले आणि आता तिथे स्कूलबस उभ्या राहतात. खड्ड्यातली वाळू दगडासारखी झालीय. प्रशिक्षक सुट्टीनंतर फिरकलेच नाहीत. शुल्क मात्र वर्षभराचं आगाऊ घेतलंत.

सराव कधी सुरू होणार, एवढंच मी विचारलं. उत्तर आलं, "मॅडम, ॲथलेटिक्स म्हणजे धावणंच ना? सोसायटीत धावू दे की तिला." मी म्हटलं, रिलेत बॅटन कसा द्यायचा, उडीच्या फळीवर पाय कसा टाकायचा, हे सोसायटीत कोण शिकवणार? त्यावर ते हसले. हो, हसले. मग मला थांबवून मागे कुणाला तरी "दोन कटिंग सांग" म्हणाले आणि परत फोनवर येऊन, "चौथीतली पोर आहे, ऑलिंपिकला थोडीच जायचंय? ॲबॅकस घ्या, फी त्यात वळती करतो."

या वयाच्या मुलांना धड धावता, उडी मारता, फेकता यावं म्हणून मैदानावर आणतात. वर्ल्ड ॲथलेटिक्स या आंतरराष्ट्रीय संघटनेचा 'किड्स ॲथलेटिक्स' उपक्रम याचसाठी आहे आणि तुमच्या माहितीपत्रकात तेच नाव छापलंय. ऑलिंपिकचंच म्हणाल तर साताऱ्याच्या ललिता बाबर २०१६ साली आणि बीडचे अविनाश साबळे २०२४ साली स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीची, अंतिम फेरी धावले. साबळेंचा फोटो तुमच्या फाटकावर आहे. त्यांच्या खेळाला तुमचा माणूस 'धावणंच ना' म्हणतो, याची चीड येते.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय. तुम्ही मैदानावर पेव्हर ब्लॉक घातलेत. मुलं त्यावर धावली तर नडग्या दुखणार, पडली तर गुडघे फुटणार.

पंधरा दिवसांत ट्रॅक मोकळा करून प्रशिक्षक नेमा, नाहीतर क्रीडा शुल्क परत करा. ॲबॅकस नको. दोन्ही झालं नाही तर हे पत्र पालक-शिक्षक संघात वाचून दाखवीन आणि प्रत शिक्षणाधिकाऱ्यांकडे देईन. धाकट्याच्या पहिलीच्या प्रवेशाचा अर्ज आजच मागे घेतेय.

चौथी 'ब'मधल्या विद्यार्थिनीची आई