सुट्टीचा दिवस ऐनवेळी का बदलतो?

महोदय,

सार्वजनिक सुट्ट्यांची यादी म्हणजे सरकारी दिनदर्शिका, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तिचा आधार आहे १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे हुंड्या-धनादेशांचा कायदा! त्याच्या कलम २५ नुसार रविवारसोबत राजपत्रात अधिसूचित केलेला दिवस सार्वजनिक सुट्टी ठरतो. हुंडीची मुदत अशा दिवशी संपली, तर ती आदल्या कामकाजाच्या दिवशीच देय मानली जाते. मूळ अधिकार केंद्राचा, पण तो राज्यांकडे सोपवलेला आहे. आपल्याकडे सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी यादी काढतो. तिच्यात १ एप्रिलची सुट्टी फक्त बँकांना, वार्षिक हिशेबासाठी.

यादी आधी येते हे चांगलेच. अडचण होते ती नंतरच्या फेरबदलांची. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला एकत्र आल्या, तेव्हा ईदची सुट्टी २९ ला नेली. मिरवणुकांचा ताण पाहता निर्णय योग्यच होता. परंतु दोन सण एकाच तारखेला येणार, हे पंचांग उघडणाऱ्याला आधीच दिसत होते. चंद्रदर्शनाने एखादा दिवस इकडेतिकडे होतो, मान्य. म्हणूनच पर्यायी तारीख मूळ अधिसूचनेतच छापावी. रेल्वेचे आरक्षण, परीक्षा, न्यायालयातील तारखा या गोष्टी चार दिवसांच्या सूचनेवर हलत नाहीत. शिवाय बदल झाल्यावर तो बँकांना लागू आहे की फक्त कार्यालयांना, हे पहिल्या ओळीत लिहिले तर निम्मे फोन वाचतील.

– एक वाचक