शाळा सोडण्याच्या अर्जाला उत्तर

नेरूळ,
जानेवारी २०२६

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा अर्ज मिळाला. फुलस्केपवर, समास सोडून, 'विषय : शाळा सोडून घरी शिकण्याची परवानगी मिळण्याबाबत' खाली दोन रेघा मारून, शेवटी 'आपला आज्ञाधारक'. पत्रलेखनाचा नमुना आजवर कुणी एवढ्या पोटतिडकीने वापरला नसेल. बाबांनी तो वाचून फ्रीजवर लावला आणि "हा तुझ्या आईच्या खात्याचा विषय" म्हणत मसाला मार्केटला निघून गेले. तेव्हा उत्तर मीच देतेय. तोंडी दिलं असतं, पण आपलं तोंडी बोलणं पाचव्या मिनिटाला 'तुला काय कळतं गेममधलं' वर येतं आणि मग मी भांडी आपटते.

निकाल आधी सांगून टाकते, नाहीतर तू सरळ शेवटचं पान उघडशील. या वर्षी अर्ज नामंजूर. पण तुला वाटतंय त्या कारणांसाठी नाही.

तुझी तक्रार खरी आहे. कॉम्प्युटरच्या तासाला लॅबमध्ये जायचं, मशीनची कव्हरं तशीच, आणि फळ्यावरून 'इनपुट डिव्हाइस म्हणजे काय' उतरवून घ्यायचं. तुझी वही बघितली मी. माउसचं चित्र काढून बाणांनी नावं दिली आहेस. चित्र सुंदर आहे, पण आठवीतल्या मुलाला माउसचं चित्र काढायला लावणं म्हणजे कमाल झाली. पालकसभेत मी हे बोलले, तर 'पोर्शन पूर्ण करायचा असतो' असं उत्तर मिळालं. यात मी तुझ्या बाजूने आहे.

आणि मे महिन्यातला तो माइनक्राफ्टमधला दरवाजा. "आई, लवकर ये" म्हणून ओरडलास, मी पिठाच्या हातानेच आले. दोन खटके होते. दोन्ही खाली असले तरच दार उघडणार, एकाने नाही. मागे तीन रेडस्टोन टॉर्च (रेडस्टोन म्हणजे त्या गेममधली वीज) लावले होतेस : दोन खटक्यांचं उलटं करणारे आणि तिसरा त्या उलट्याचं पुन्हा उलटं करणारा. याला अँड गेट म्हणतात, आणि रबाळ्याला आमच्या डेटा सेंटरच्या पॅनलमध्ये हेच बसवलेलं आहे. महावितरणची लाइन गेली की आधी यूपीएसच्या बॅटऱ्या लोड उचलतात, तोवर जनरेटर सुरू होतो. पण महावितरणचा ब्रेकर उघडलेला आहे आणि जनरेटर ५० हर्ट्झला स्थिर झालाय, या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तरच जनरेटरचा ब्रेकर लागतो. पहिली खरी नसताना लागला तर वीज उलटी बाहेरच्या लाइनमध्ये जाईल, आणि तिथे खांबावर एखादा वायरमन चढलेला असू शकतो.

रेडस्टोनचा सिग्नल १५ ठोकळ्यांपर्यंतच जातो, पुढे रिपीटर लागतो, हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. दार उघडेना म्हणून तू ठोकळे मोजत बसलास. अख्खा शनिवार फुकट गेला असं बाबा म्हणाले. मला तसं वाटलं नाही. डिप्लोमाला हे सगळं आम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री घोकलं होतं आणि पेपर झाल्यावर विसरलो होतो.

म्हणून सगळ्या गेमना घरात एकच नियम लावायला मी तयार नाही. बीजीएमआयचं, म्हणजे पूर्वीच्या पबजीचं, मात्र वेगळं. बंदुकांचं मला फारसं काही नाही. तुम्ही चौघं आपापल्या घरी बसून एकमेकांना 'मागे बघ, मागे बघ' ओरडता, त्यात मला मजाच वाटते (शेजारच्या काकूंना नाही वाटत, रात्री दहानंतर आवाज कमी). माझा राग मॅच संपल्यावर उघडणाऱ्या दुकानावर आहे. यूसी (खऱ्या पैशांनी घ्यायचे गेममधले पैसे), क्रेट (आत काय निघेल ते नशिबावर, अशी पेटी), लकी स्पिन. तू मला शपथेवर सांगितलंस की एक टक्का चान्स असेल तर १०० स्पिनमध्ये ती बंदुकीची स्किन, म्हणजे नुसतं वरचं रंगरूप, मिळतेच. गणित कर. एका स्पिनला न मिळण्याची शक्यता ०.९९. शंभरदा न मिळण्याची ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे साधारण ०.३७. गेमने स्वतःहून खात्रीची पायरी ठेवली नसेल, तर शंभर स्पिन केलेल्या शंभर मुलांपैकी सदतीसच्या आसपास पोरं रिकाम्या हाताने उठतील. बेल्जियमने २०१८ सालीच असल्या पेट्या जुगारात धरल्या. भाऊबीजेचे पैसे तुझे आहेत हे कबूल, पण त्यातून यूसी घ्यायचे नाहीत. यावर चर्चा नाही.

आणखी एक. त्या गेममध्ये अठराखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा आहे. तुझ्या अकाउंटवर जन्मसाल १९९८ दिसतंय.

आता ई-स्पोर्ट्स. सरकारने मान्यता दिलीय म्हणतोस, ते बरोबर आहे. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला वेगळं काढून मान दिला. २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये तीर्थ मेहताने हार्थस्टोनमध्ये ब्राँझ आणलं, तेव्हा तो प्रदर्शनी प्रकार होता. हांगझोऊच्या एशियन गेम्सपासून तो खऱ्या पदकांचा प्रकार झाला. हे सगळं मी वाचलंय, तुझी आई अगदीच काही 'ही' नाही. पण तुझ्या खेळाचा इतिहास बघ. २ सप्टेंबर २०२० ला पबजी बंद. २०२१ च्या जुलैत बीजीएमआय या नावाने परत. २०२२ च्या जुलैत पुन्हा स्टोअरमधून गायब. २०२३ च्या मेमध्ये परत. म्हणजे ज्यावर करिअर उभं करायचं, तो खेळच दहा महिने कुठे दिसत नव्हता. २ नोव्हेंबरला आपल्या डी. वाय. पाटीलवर पोरींनी वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा सगळं नेरूळ दणाणत होतं (तू गेमच्या लॉबीत होतास, ते असो). उद्या एखादी कंपनी बुडाली म्हणून क्रिकेट बंद पडणार नाही, ते कुणा एकाच्या सर्व्हरवर नाहीये. तुझा खेळ आहे. खेळू नको म्हणत नाही. त्याच्या भरवशावर दहावी सोडू नको म्हणतेय.

अर्जात तू मालविका जोशीचं नाव घेतलंस, तिथे मात्र मला तुझं कौतुक वाटलं, कारण शोधून काढलंस. मुंबईची मुलगी, सातवीनंतर शाळा सोडली, दहावी नाही, बारावी नाही, आणि २०१६ साली सतराव्या वर्षी थेट एमआयटी. पण त्याच बातम्यांमध्ये तू गाळलेला भागही आहे. तिला आयआयटीत जाता येत नव्हतं, कारण बारावीचं सर्टिफिकेट नव्हतं. प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडची तीन पदकं होती म्हणून दार उघडलं. आणि तिला शिकवण्यासाठी तिच्या आईने नोकरी सोडली, असं तेव्हा छापून आलं होतं. घरी शिकणारं मूल फोटोत एकटं दिसतं, पण त्याच्यामागे दिवसभर कुणीतरी मोठं माणूस उभं असतं. कुठला विषय, किती वेळ, कोण तपासणार, आज कंटाळा आलाय तर काय, हे सगळं त्या माणसाच्या अंगावर.

आपल्याकडे ते कोण करणार? बाबा पहाटे निघतात. माझी शिफ्ट. सकाळची असेल तर तू उठायच्या आत मी नेरूळ स्टेशनवर, रात्रीची असेल तर तू घरी शिकत असताना मी पडदे ओढून झोपलेली. आजी तुला शिकवेल, पण गीतेचा बारावा अध्याय आणि पुरणपोळी. मी नोकरी सोडू का? हा प्रश्न टोमणा म्हणून विचारत नाही. हिशोब केला मी. घराचा हप्ता बघितला आणि वही मिटली.

रस्ते आहेत, तेही सांगते, नाहीतर म्हणशील लपवलं. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी शाळेचीच भाषा करतो, घरी शिकण्याचं त्यात वेगळं काही नाही. तरी माणसं शिकवतात. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, दहावीला १४ पूर्ण असलेल्यांना घेतं. तू एप्रिलमध्ये होशील. पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा, पाच वर्षांत नऊ संधी. आपल्या बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म आहेच, तुझ्या मामाने हॉटेलात काम करता करता त्यावरच दहावी काढली. तो अजूनही सांगतो की बाहेरून बसणाऱ्याला अभ्यास आतल्यापेक्षा जास्त करावा लागतो, कारण कुणी मागे लागत नाही. तुझ्यामागे सध्या तीन माणसं लागलेली असतात, तरी इतिहासाची वही अपूर्ण आहे.

तुझा शेवटचा मुद्दा : 'भविष्यात एआय सर्व शिकवणार असल्याने शाळांची गरज राहणार नाही.' हे वाक्य तुझं नाही, ओंकार. कुठल्या तरी व्हिडिओतलं आहे. असलं वाक्य ऐकलं की ते बोलणारा काय विकतोय ते आधी बघावं. टेक्नॉलॉजीच्या बातम्या वाचायच्या असतील तर टीम इंडियाची जर्सी बघ, सगळं तिथे लिहिलेलं असतं. २०१९ पासून तिच्यावर बायजूज होतं. शाळा बदलून टाकणार, शिक्षण बदलून टाकणार. २०२२ मध्ये त्या कंपनीची किंमत २२ अब्ज डॉलर सांगत होते, जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. मग ड्रीम इलेव्हन आलं. ऑगस्टचा कायदा झाला आणि आशिया कपला छातीवर मोकळी जागा. महिन्याभरात टायरवाले आले. टायर तेवढे लागतातच.

एआयबद्दल मला राग नाही, माझा पगार हल्ली त्यावरच चाललाय. पूर्वी एका रॅकला पाच-दहा किलोवॅट लोड असायचा. आता एआयचे रॅक शंभरच्या वर जातात, म्हणजे दीड टनाचे साठ-सत्तर एसी एका कपाटात कोंबल्यासारखं. नुसत्या थंड हवेने भागत नाही, पाइप थेट चिपपर्यंत न्यावा लागतो. तू ज्याला क्लाउड म्हणतोस त्याचा एक तुकडा ठाणे-बेलापूर रस्त्यावर आहे आणि रात्री तीन वाजता त्याच्या चिलरचं प्रेशर कुणीतरी जाऊन बघतं.

यंदाच्या नरकचतुर्दशीला, २० ऑक्टोबरला, दुपारी चिनूचं रोब्लॉक्स बंद पडलं आणि तू राउटर तीनदा चालू-बंद केलास, आठवतं? बिघाड व्हर्जिनियात होता. ॲमेझॉनच्या एका डेटाबेसचे पत्ते सांभाळणाऱ्या यंत्रणेत दोन आपोआप चालणाऱ्या गोष्टी एकमेकींच्या पायात आल्या आणि पत्त्याची नोंद रिकामी झाली. ती नोंद त्या यंत्रणेला स्वतःची स्वतः भरता येईना. शेवटी माणसांनी हाताने दुरुस्त केली. ती माणसं कुठेतरी बसून शिकली असतील ना? कंटाळवाणंही शिकली असतील.

तेव्हा असं करू. शाळा चालू. कॉम्प्युटरच्या तासाबद्दल मी पुन्हा बोलते, या वेळी तीन-चार पालकांना घेऊन जाते, एकट्या आईला 'पोर्शन' ऐकवणं सोपं असतं. माझ्या साइटवर तुला नेता येणार नाही, तिथे परवानगीशिवाय माशी शिरत नाही. पण लॅमिंग्टन रोडला जाऊ. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून माझ्या सुट्टीच्या शनिवारी. दोन रिले, ब्रेडबोर्ड, खटके आणि बारा व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणू, आणि तुझा तो दरवाजा खऱ्या तारांनी लावू. तुझ्या खोलीच्या कडीला लावलास तरी चालेल, फक्त एक खटका माझ्याकडे राहील.

अर्ज पुन्हा करायचा असेल तर जूनमध्ये कर. सोबत एका साध्या मंगळवारचं वेळापत्रक जोड, सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत, कुठल्या वेळी कोण शिकवणार त्याच्या नावासकट. मामाची सही चालेल, आजीची चालणार नाही, ती तुला काहीही सही करून देते.

डब्यात दुधीचे पराठे आहेत. इतिहासाची वही रात्री बघेन.

तुझी,
आई

ता. क. जन्मसाल दुरुस्त कर. नाहीतर सत्तावीस वर्षांच्या मुलाकडून मी फेब्रुवारीपासून लाइटबिलाचा वाटा घेणार आहे.