ईएफ न पाहता बीटा ब्लॉकर बंद करू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर दिल्या जाणाऱ्या, हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांचा उपयोग नाही, अशा अर्थाच्या बातम्या गेल्या वर्ष-दोन वर्षांत बऱ्याच आल्या. त्या वाचून मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल यांसारखे बीटा ब्लॉकर परस्पर बंद करणाऱ्यांची काळजी वाटते, म्हणून हे पत्र.

या गोळ्यांचा दबदबा उगाच नव्हता. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत ३,८३७ रुग्ण होते. सुमारे दोन वर्षांत औषध नसलेली, नुसती दिसायला गोळी घेणाऱ्यांपैकी ९.८ टक्के दगावले, तर प्रोप्रॅनोलॉल हा बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांपैकी ७.२ टक्के. पण तेव्हा स्टेंट नव्हते, कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिनही नव्हते. बंद पडलेली रक्तवाहिनी बंदच राहायची, हृदयाचा मोठा स्नायू मरायचा आणि त्या व्रणातून जीवघेणी अनियमित ठोक्यांची लय सुरू व्हायची. आज काही तासांत अँजिओप्लास्टी झाली तर व्रण लहान राहतो, मग गोळीला वाचवण्यासारखे उरतेही कमी.

म्हणूनच ईएफ, म्हणजे दर ठोक्याला डावा कप्पा किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा, इथे निर्णायक आहे. ५० किंवा त्याहून जास्त ईएफ असलेल्या ५,०२० रुग्णांवरील २०२४ च्या 'रिड्यूस-एएमआय' चाचणीत मृत्यू किंवा पुन्हा झटका हे प्रमाण गोळी घेणाऱ्यांत ७.९ टक्के आणि न घेणाऱ्यांत ८.३ टक्के निघाले. हा फरक नसल्यातच जमा. ४० ते ४९ या गटात मात्र अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र केल्यावर फायदा दिसला. ४० च्या खाली तर वादच नाही, गोळी हवीच. शिवाय या चाचण्यांतील बहुतेकांची रक्तवाहिनी वेळेत उघडलेली होती. तालुक्याच्या गावाहून दीड दिवसाने पोहोचलेल्या रुग्णाला तोच निष्कर्ष लावणे मला धोक्याचे वाटते.

नव्याने सुरू न करणे वेगळे आणि चालू गोळी बंद करणे वेगळे, हेही बातम्यांत हरवते. फ्रान्समधील 'एबिस' चाचणीत झटक्याला सहा महिने उलटलेल्या, प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांची गोळी थांबवली, तर हृदयाच्या तक्रारींसाठी दाखल होण्याचे प्रमाण वाढले आणि जगण्याचा दर्जाही सुधारला नाही. अनेकांना हीच गोळी बीपी, अंजायना (श्रमाने छातीत दुखणे) किंवा अनियमित ठोक्यांसाठीही असते. ते कारण झटका जुना झाला म्हणून संपत नाही.

बंद करायचीच ठरली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने एक-दोन आठवड्यांत डोस उतरवत न्यावा. दीर्घकाळ गोळी घेतल्यावर शरीर अ‍ॅड्रेनॅलिनला जास्त संवेदनशील झालेले असते. एकदम थांबवली की नाडी धावते, छातीत दुखते, प्रसंगी दुसरा झटका येतो. गावी जत्रेला जाताना स्ट्रिप घरी राहिली तरी हेच होऊ शकते. गोळी चालू असताना नाडी मिनिटाला ५० च्या खाली गेली, चक्कर आली किंवा दम लागला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

स्ट्रिपही नीट वाचा. 'मेटोप्रोलॉल सक्सिनेट', 'एक्सएल' किंवा 'ईआर' असे लिहिलेली, हळूहळू विरघळणारी गोळी दिवसातून एकदा घ्यायची, 'मेटोप्रोलॉल टार्ट्रेट' बहुधा दोनदा. पहिली चावू किंवा कुटू नये, दिवसभराचे औषध एकदम रक्तात उतरते. मधुमेहींनी लक्षात ठेवावे, साखर उतरल्याची धडधड ही गोळी लपवते. घाम मात्र सुटतो.

रुग्णालयांना विनंती अशी : डिस्चार्ज कार्डावर ईएफचा आकडा तारखेसह लिहावा. झटक्यानंतर पहिल्या दिवसांत स्नायू बधिर असल्याने तो कमी दिसू शकतो, म्हणून सहा आठवडे ते तीन महिन्यांनी टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) पुन्हा करण्याची तारीखही द्यावी. आणि बीटा ब्लॉकरच्या ओळीपुढे गोळी कशासाठी आहे व तिचा फेरविचार कधी करायचा, एवढे तरी लिहावे.

आपला,
एक डॉक्टर वाचक